आरएक्स १००चं इंजिन घरी उघडलं : बोअर करण्याआधी हवा कुठून शिरते ते बघा

कृष्णाकाठ
रविवार, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी.

बाबांची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल आहे, १९९१ची. मी शाळेत टाकीवर बसून जायचो ती हीच गाडी. गेल्या वर्षी इंजिनातून पत्रा वाजल्यासारखा आवाज यायला लागला, चढाला दम धरेना. एका गॅरेजला दिली. ब्लॉक बोअर झाला (म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा केला), नवा पिस्टन, नव्या रिंगा पडल्या आणि गाडी घरी आली. मी जपूनच चालवत होतो. २८० किलोमीटर झाले आणि साखरप्याहून आंबा घाट चढताना आवाज एकदम पातळ झाला, जसं काही कोणी मागून धरलंय. क्लच दाबेपर्यंत मागचं चाक घासलं. इंजिन जाम.

तासाभराने थंड झाल्यावर किक फिरली, तशी हळूहळू घरी आणली. हेड आणि ब्लॉक काढून बघितला तर पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या अंगाला उभे ओरखडे, ॲल्युमिनियम ब्लॉकला चिकटलेलं. प्लग पांढराफटक. गॅरेजवाल्यांचं म्हणणं, तुम्ही जास्त ताणली असणार, पुन्हा बोअर करू. मला ते पटेना. ब्लॉक बोअर करायच्या मर्यादा असतात. मूळ बोअर ५० मिमी, स्ट्रोकही ५० मिमी, म्हणून ९८ सीसी. पुढचे पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने वाढत जातात. दर सीझला, म्हणजे इंजिन जाम होण्याला, एक पायरी गेली तर बाबांचा मूळ ब्लॉक किती दिवस पुरणार?

म्हणून ठरवलं की आता इंजिन घरीच उतरवायचं, आणि आधी कारण शोधायचं, मग खर्च करायचा.

टू स्ट्रोक इंजिनाबद्दल एक गोष्ट मला उशिरा कळली, ती इथे ठळक सांगतो. फोर स्ट्रोकमध्ये खालच्या केसमध्ये फक्त ऑइल असतं. टू स्ट्रोकमध्ये खालची केस म्हणजे हवेचा पंप आहे. पिस्टन वर जातो तेव्हा केसमध्ये ओढ तयार होते आणि कार्ब्युरेटरमधून रीड व्हॉल्व्हवाटे (एकाच दिशेने उघडणारी पातळ पट्ट्यांची झडप) पेट्रोल-हवा आत येते. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन ट्रान्सफर पोर्टमधून वर जातं. आता क्रँकच्या दोन्ही टोकांना ऑइल सील असतात. मॅग्नेटकडचं (ठिणगीची वीज बनवणाऱ्या चाकाकडचं) सील कडक झालं, की ओढीच्या वेळी कार्ब्युरेटरला वळसा घालून कोरडी हवा आत शिरते. त्या हवेत पेट्रोल नाही आणि टू टी ऑइलही (टू स्ट्रोकचं वंगण) नाही. मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि वंगण कमी पडतं. क्लचकडचं सील गेलं तर उलटा प्रकार, गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं, पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइलची पातळी विनाकारण उतरते.

माझ्या गाडीची लक्षणं आठवून बघितली. ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिनाचा वेग लगेच उतरत नसे, थोडा वेळ वरच रेंगाळे. मी समजत होतो केबल अडकते. केबल बदललीही होती. ती केबल नव्हतीच.

खात्री कशी करायची? बाबांना रक्तदाबाचा त्रास आहे, घरात डॉक्टरांकडे असतं तसं घड्याळाचं बीपीचं यंत्र आहे. त्याचा काटा ३०० पर्यंत जातो, म्हणजे साधारण पावणेसहा पीएसआय. केसला नेमका तेवढाच दाब लागतो. इंजिन चौकटीतच होतं. ब्लॉक-हेड परत बसवलं, एक्झॉस्टचं तोंड बंद केलं, इनटेकच्या तोंडातून बीपीच्या फुग्याने हवा भरली. बाबा स्टुलावर बसून फुगा दाबत होते, मी साबणाच्या पाण्याचा ब्रश घेऊन खाली. काटा २५० वर नेला आणि थांबलो. मिनिटभरात ६० वर आला. मॅग्नेट काढून ठेवलं होतं, तिथे सीलच्या ओठाभोवती बारीक फुग्यांचा गजरा आला. बाबा उठून वाकून बघायला आले. "म्हणजे मुलगा जोरात चालवत नव्हता," एवढंच म्हणाले.

पहिलं बोअर, तो पिस्टन, ती मजुरी, सगळं त्या एका सीलपायी गेलं.

मग केस पूर्ण उघडली. मेन बेअरिंगही खरखरत होती, कनेक्टिंग रॉडला वर-खाली चाळा होता. क्रँक कोल्हापुरात उद्यमनगरला नेऊन नवा रॉड, पिन, बिग एंड बेअरिंग बसवून आणला. ब्लॉक ५०.५० वर गेला. केस बंद केल्यावर पुन्हा तीच परीक्षा घेतली. २५० वरून पाच मिनिटांत २४०. गाडी सुरू होऊन आता तीन आठवडे झाले.

सगळं एकदम लिहीत नाही. कोणाला जो भाग हवा असेल तो विचारा, सांगतो. ज्यांनी हे काम माझ्यापेक्षा जास्त केलंय त्यांनी चूक दिसली की स्पष्ट सांगावं.

———

वाटसरू
रविवार, सकाळी १०:०५

बीपीच्या यंत्राचं वाचून थांबलोच. माझ्याकडे १९९४ची आहे, तिचाही वेग सोडल्यावर लगेच उतरत नाही. तोंडं नेमकी कशी बंद केलीत ते सविस्तर लिहाल का?

———

कृष्णाकाठ
रविवार, सकाळी ११:३०

@वाटसरू, लिहितो.

एक्झॉस्ट : सायलेन्सर काढल्यावर तिथे दोन बोल्ट राहतात. जुन्या ट्यूबचा रबरी तुकडा, त्यावर ५ मिमी जाडीची पट्टी, आणि बोल्टला नट आवळायचे. पोर्टच्या तोंडावर कार्बनचा थर असेल तर आधी खरवडा, नाहीतर तिथूनच हवा जाते आणि आपण उगाच सीलला दोष देतो.

इनटेक : कार्ब्युरेटर काढून मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटर आणि ब्लॉकमधला जोड) तोंडात रबरी बूच घट्ट बसवलं. बुचाला भोक पाडून त्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह (आतली पिन काढून) आणि त्याला बीपीची नळी. हवा इनटेककडूनच भरा. स्पार्क प्लगच्या भोकातून भरली तर रीड व्हॉल्व्ह आतून बंद होतो आणि मॅनिफोल्डचं पॅकिंग तपासलंच जात नाही. तिथूनही बऱ्याच गाड्यांत हवा शिरते. ऑइल पंपाची बारीक नळी जिथे येते ते तोंड बंद करायला विसरू नका.

स्पार्क प्लग वॉशरसकट घट्ट असू द्या. पिस्टन खाली, ट्रान्सफर पोर्ट उघडे असतील असा ठेवा, म्हणजे खालची केस आणि वरचा सिलिंडर एकदमच तपासले जातात.

क्लचकडचं सील दिसत नाही, ते कव्हरच्या आत आहे. त्यासाठी गिअर ऑइल भरायच्या भोकावर साबणाच्या पाण्याचा पडदा धरा. तो फुगायला लागला तर हवा क्रँककेसमधून गिअरबॉक्समध्ये जाते आहे.

३०० च्या वर दाब देऊ नका. जास्त दाबाने चांगलं सीलसुद्धा बाहेर सरकतं.

———

टर्नर
रविवार, दुपारी १:४८

मी उद्यमनगरमध्ये बोरिंग मशीनवर पंचवीस वर्षं काढली. धागा चांगला आहे, म्हणून माझ्या बाजूचं लिहितो. गिऱ्हाईक ब्लॉक देऊन चहा प्यायला जातं आणि परत येऊन फक्त "झालं का" विचारतं. तसं करू नका.

पहिलं, ब्लॉकबरोबर नवा पिस्टन घेऊन या. पिस्टनशिवाय केलेलं बोअर अंदाजाचं असतं. एकाच मापाच्या दोन पिस्टनमध्येही फरक निघतो. पिस्टन खाली स्कर्टला, पिनच्या काटकोनात मायक्रोमीटरने मोजायचा आणि त्यावर बोअर करायचं. या गाडीला आम्ही पिस्टन आणि ब्लॉकमध्ये दीड थौ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थौ) जागा ठेवतो, म्हणजे ०.०३८ मिमी. डब्यावर पिस्टनवाल्याने वेगळं लिहिलं असेल तर ते धरायचं.

दुसरं, ब्लॉक मोजताना वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. एक्झॉस्टच्या वरच्या अंगाला घसारा जास्त असतो, तिथे ओव्हल सापडतो. एकाच जागी गेज घालून "पाव साइजमध्ये निघेल" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. बोअर झालं की पोर्टांच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात. रिंग प्रत्येक फेरीला त्या पोर्टाच्या खिडकीवरून जाते, आणि तिथे आधार नसल्याने जराशी बाहेर फुगते. धार असेल तर रिंग अडकते, तुटते, पिस्टनचा कोपरा घेऊन जाते. कडा बारीक घासून गोल करायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. घाईत हे राहून जातं. ब्लॉक ताब्यात घेताना पोर्टाच्या कडेवरून आतून बोट फिरवा. बोटाला टोचलं तर परत द्या.

आणि होनिंगनंतरची, म्हणजे दगडाने आत बारीक रेघा पाडल्यानंतरची, धुलाई. पेट्रोलने धुऊन भागत नाही. दगडाची पूड रेघांमध्ये बसते, पेट्रोल ती हलवत नाही. कडक गरम पाणी, भांड्याचा साबण आणि ब्रश. पांढरं फडकं आत फिरवून पांढरंच बाहेर येईपर्यंत. मग लगेच पुसून टू टी ऑइल लावा, कारण बिडाच्या स्लीव्हवर पाच मिनिटांत गंज धरतो.

———

सातारी
रविवार, दुपारी २:२०

+१. पोर्टाच्या धारेचं मला माझ्या तुटलेल्या रिंगने शिकवलं. तेव्हा असं लिहिणारं कोणी भेटलं असतं तर बरं झालं असतं.

———

मैत्रेयी
रविवार, सायंकाळी ७:१०

मी ठाण्यात राहते. बाबा गेल्यापासून त्यांची आरएक्स १०० जिन्याखाली सात वर्षं उभी आहे. किक फिरते, पण मध्येच जड लागते. गाडी विकायला खूप लोक मागे लागलेत, पण मला ती विकायची नाही, चालवायची आहे. मी स्कूटरचा प्लग बदलण्यापलीकडे काही केलेलं नाही. घरी हे काम सुरू करायला हत्यारं कोणती लागतील? आणि कुठल्या टप्प्यावर थांबून दुसऱ्याला द्यायचं?

———

कृष्णाकाठ
रविवार, रात्री ९:४०

मैत्रेयीताई, आधी एक विनंती. आता किक मारू नका. सात वर्षं उभी आहे म्हणजे आत गंज असू शकतो, आणि किक मारली की तोच गंज रिंगा ब्लॉकवर घासतात. प्लग काढून भोकातून दोन-तीन चमचे टू टी ऑइल सोडा आणि दोन दिवस तसंच राहू द्या.

हत्यारांत पाने सगळ्यांकडे असतात. तीन गोष्टी मात्र वेगळ्या घ्याव्या लागतात. इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर, म्हणजे हातोडीचा ठोका दिला की फिरतो तो. बाजूच्या कव्हरचे स्क्रू वर्षानुवर्षं आवळलेले असतात आणि साध्या स्क्रूड्रायव्हरने त्यांची डोकी जातात. दुसरा मॅग्नेट पुलर. मॅग्नेटला बाजूने स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, क्रँकची शंकूसारखी टोकं वाकतात. तिसरा टॉर्क रेंच. पुण्यात नाना पेठेत पुलर मिळाला, मुंबईत तुम्हाला त्याहून सोपं जाईल.

बाकी घरातलंच. जुन्या बरण्या, प्रत्येक भागाच्या स्क्रूंसाठी वेगळी. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्याच जागी स्क्रू खोचून ठेवा, कारण त्यांची लांबी सारखी नसते. लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर केसचा आटा तुटतो. आणि प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो.

कुठे थांबायचं? हेड, ब्लॉक, पिस्टन, कार्ब्युरेटर, क्लच, सगळं घरी होतं. केस उघडणंही होतं, पण सावकाश. क्रँक दाबून वेगळा करणं आणि परत सरळ करणं मात्र घरी करू नका. त्याला प्रेस लागतो, आणि बसवल्यावर दोन्ही बाजूंचा डगमग डायल गेजवर ०.०३ मिमीच्या आत आणावा लागतो. तसंच बोअरचं.

पिस्टन काढताना आधी केसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. गजन पिनची (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) लॉक उडी मारून थेट क्रँकमध्ये पडते, आणि मग ती शोधायला सगळी केस उघडावी लागते. जुनी लॉक परत वापरू नका, नवीन घ्या. बसवताना लॉकचं तोंड पिस्टनच्या खाचेसमोर येऊ देऊ नका. नवा पिस्टन गरम पाण्यात ठेवून पुसून घेतला की पिन अंगठ्याने जाते, ठोकावी लागत नाही. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, म्हणजे पुढे. रिंगांच्या खाचेत बारीक खिळी असते, रिंगांची टोकं त्या खिळीवर बसली पाहिजेत. ब्लॉक खाली सरकवताना जोर लागला तर थांबा. रिंग खिळीवर चढलेली असते आणि जोर लावला की तुटते.

बाबांची गाडी आहे, घाई करू नका. इथे फोटो टाकत राहा.

———

सातारी
रविवार, रात्री १०:१५

ताई, अजून एक. कार्बन काढायला कोणी कॉस्टिक सोडा सांगेल. सायलेन्सरच्या आतल्या लोखंडी जाळीला चालतो, पण हेड आणि पिस्टन ॲल्युमिनियमचे आहेत, कॉस्टिक ते खाऊन टाकतो. तिथे बांबूची किंवा लाकडाची टोकदार काडी वापरा. आणि सायलेन्सरची जाळी जरूर बघा. पोर्ट लख्ख आणि जाळी तुंबलेली, असं असलं तर नव्या इंजिनालाही ओढ येत नाही.

———

फोंडेकर
सोमवार, सकाळी ८:०२

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे पावसाळ्यात चार महिने हवेत इतका दमटपणा असतो, की गाडी नुसती उभी राहिली तरी क्रँकचं बेअरिंग गंजतं. पिस्टन जिथे थांबला तिथे स्लीव्हवर एक रेघ उमटते. मी मे महिन्याच्या शेवटी प्लगमधून ऑइल सोडून किकने पाच-सहा फेऱ्या देतो, मग पिस्टन असा थांबवतो की एक्झॉस्टचं तोंड बंद राहील, आणि सायलेन्सरच्या टोकात फडकं कोंबतो. टाकी पूर्ण भरून ठेवायची की पूर्ण रिकामी करायची यावर आमच्याकडे वाद आहे. आताच्या इथेनॉल घातलेल्या पेट्रोलला मी रिकामीच करतो, आतून ऑइलचा हात फिरवून. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि ते पाणी खाली कार्ब्युरेटरच्या वाटीत बसतं.

मैत्रेयी, सात वर्षांचं पेट्रोल असेल तर टाकी उघडल्यावर तुम्हाला वार्निशसारखा वास येईल. ते सगळं बाहेर ओता. कार्ब्युरेटरच्या जेटची (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भाग) भोकं तारेने कोरू नका, भोक मोठं होतं. पातळ नायलॉनच्या दोऱ्याने आणि हवेने साफ करा.

———

शांत_इंजिन
सोमवार, सकाळी १०:३३

मूळ लेखाशी थोडा असहमत आहे. सील हे एक कारण आहे, पण मी बघितलेल्या बहुतेक सीझ झालेल्या आरएक्स ऑइल पंपामुळे गेल्या. बोअर झाल्यावर गॅरेजवाले पंपाच्या नळ्या जोडतात, पण त्यातली हवा काढत नाहीत. नळीत हवेचा बुडबुडा असेल तर पहिले काही किलोमीटर इंजिन अक्षरशः ऑइलशिवाय चालतं. तुमच्याकडे ते तपासलं होतं का? आणि इथेनॉलचा मुद्दाही घ्या. ही गाडी बनली तेव्हा असलं पेट्रोल नव्हतं. त्यात ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच जेटवर मिश्रण जरा पातळच बनतं. तुम्ही सगळा दोष सीलवर टाकताय.

———

कृष्णाकाठ
सोमवार, दुपारी १२:५०

@शांत_इंजिन, मुद्दा बरोबर आहे, मूळ लेखात मी तो सोडायला नको होता.

पंप तपासला होता. नळी पारदर्शक आहे, सीझ झाल्यावरही ती भरलेली होती, आणि पुढे ऑइल येत होतं. एक्झॉस्ट पोर्टला ऑइलचा ओलेपणाही होता. म्हणून मी पंप वगळला. पण तुम्ही म्हणता तसं हवा काढणं प्रत्येकाने करायलाच हवं. पंपावर एक छोटा स्क्रू आहे, तो सैल केला की ऑइल बुडबुड्यांसह बाहेर येतं. बुडबुडे थांबेपर्यंत तसंच ठेवायचं. त्यानंतर पंपापासून इनटेकपर्यंतची नळी रिकामी असते, ती भरायला वेळ लागतो. म्हणून नव्या इंजिनाच्या पहिल्या टाकीत मी पंप चालू असूनही लिटरला २० मिली टू टी मिसळलं. धूर झाला, प्लग काळा झाला, पण पहिल्या दिवशी वंगण असल्याची खात्री होती. पंपाची केबलही जुळवा, पुलीवर खूण असते. ॲक्सिलरेटरची केबल बदलली आणि पंपाची तशीच ठेवली तर दोन्हींचा मेळ जातो.

इथेनॉलबद्दल, मी मेन जेट एक पायरी मोठा केला आणि प्लगचा रंग बिस्किटासारखा आला. पण हवा गळत असताना जेट मोठा करून उपयोग होत नाही, कारण गळती प्रत्येक वेगाला सारखी नसते. मंद वेगाला इंजिन स्वतः थोडी हवा ओढतं, तिथे गळतीचा वाटा मोठा. म्हणूनच वेग रेंगाळण्याचं लक्षण ॲक्सिलरेटर सोडल्यावर दिसतं. म्हणून माझा क्रम आधी गळती, मग पंप, मग जेट असा आहे.

———

येझदी_मन
सोमवार, दुपारी ३:१७

मैसूरच्या कारखान्याची १९७०च्या दशकातली येझदी आहे माझ्याकडे, त्याच जावाच्या घराण्यातली. हा प्रयोग तिच्यावर करायचा आहे. आमच्या इंजिनात सिलिंडर एकच पण सायलेन्सर दोन, त्यामुळे बंद करायला दोन तोंडं. ऑइल पंप नाही, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतो, म्हणजे तुमची पंपाची काळजी आम्हाला नाही. पण सील तितकीच कळीची. सील बदलायला मिळालं तर कोणत्या रबराचं घ्यावं?

———

टर्नर
सोमवार, दुपारी ४:०५

@येझदी_मन, इथेनॉलवाल्या पेट्रोलला आणि उष्णतेला व्हायटॉनचं सील टिकतं. साधं काळं नायट्राइल स्वस्त पडतं, पण लवकर कडक होतं. माप मात्र जुन्या सीलवर कोरलेलं वाचून घ्या. सीलच्या ओठावरच्या स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे, म्हणजे दाबाच्या दिशेला. बसवण्याआधी ओठाला ऑइल लावा, कोरडं सील पहिल्या फेऱ्यांतच जळतं. आणि क्रँकचा तो भाग बघा जिथे ओठ घासतो. तिथे खाच पडली असेल तर नवं सीलही गळेल. बारीक पॉलिश पेपरने फक्त चकाकी आणा, खाच खोल असेल तर सील एखादा मिलिमीटर आत-बाहेर बसवून ओठ नव्या जागी आणता येतो.

———

वाटसरू
सोमवार, रात्री ८:४४

केस उघडताना आणि बंद करताना काय काळजी घेतली तेही लिहा की. मला त्याचीच भीती आहे.

———

कृष्णाकाठ
सोमवार, रात्री १०:२०

ही भीती मलाही होती. पहिल्या दिवशी सगळे स्क्रू काढून मी दोन तास नुसता बघत बसलो होतो.

उघडायच्या आधी मॅग्नेट, क्लच, प्रायमरी गिअर, किकचा शाफ्ट, गिअर बदलायचा भाग बाहेर. प्रायमरी गिअरचा नट सैल करताना दोन गिअरच्या दातांमध्ये तांब्याचा तुकडा धरला, लोखंडाचा धरला तर दात जातात. नंतर केसच्या दोन भागांमध्ये स्क्रूड्रायव्हर कधीही घालू नका. त्या कडेवर एक ओरखडा पडला की तिथून आयुष्यभर हवा जाईल. नायलॉनच्या हातोडीने चारी बाजूंनी थोडं थोडं ठोकत राहायचं, दोन्ही भाग समांतर सरकायला हवेत. तिरके झाले की थांबून उलटं ठोका. एक स्क्रू राहिला नाही ना, ते आधी पुठ्ठ्यावर मोजा. माझा एक राहिला होता, मळाखाली दिसलाच नव्हता.

गिअरचा संच एका भागात तसाच राहिला तर वेगळा करू नका. वॉशर कुठला कुठे होता ते कळत नाही.

बेअरिंग बसवताना ठोकाठोकी नको. केस आधी साबणाने धुऊन पूर्ण कोरडी केली, पेट्रोलचा वाससुद्धा राहता कामा नये. मग जाड लोखंडी तव्यावर मंद आचेवर ठेवली. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र झाला की उतरवली. बेअरिंग आदल्या रात्री पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवली होती, आईने मटारांच्या पिशवीशेजारी जागा करून दिली. तापलेल्या केसमध्ये गार बेअरिंग हातानेच उतरलं, टक् असा आवाज आला. हा आवाज फार छान असतो. जुन्या बेअरिंगवरचा नंबर जसाच्या तसा घ्या, पुढे सी-३ असेल तर सी-३च. इंजिनात तापल्यावर फुगायला तेवढी जागा लागते.

दोन भागांमध्ये कागदी पॅकिंग नसतं, पातळ सीलंट लावायचं. जाड लावलं तर आत सांडतं आणि क्रँकच्या बेअरिंगच्या ऑइलच्या वाटा बुजतात. स्क्रू मधूनच सुरू करून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन वेळा फिरून आवळले. प्रत्येक फेरीनंतर क्रँक हाताने फिरवून बघितला. आवळल्यावर जड झाला तर क्रँक एका बाजूला दाबला गेलाय, त्याच्या टोकावर नायलॉनच्या हातोडीने हलका ठोका दिला की मोकळा होतो.

एक महत्त्वाची गोष्ट. इंजिन नंबर केसवर कोरलेला असतो, आमच्या गाडीचा १एल१ ने सुरू होतो. घासताना, रंगवताना त्या जागेला हात लावू नका. केस फुटली म्हणून दुसरी केस आणली तर आरटीओत नोंद करावी लागते. १५ वर्षांनंतरच्या नोंदणीच्या वेळी, आणि त्यापुढे दर ५ वर्षांनी, तो नंबर तपासला जातो.

———

सातारी
मंगळवार, सकाळी ७:५५

पॉइंटचं राहिलं. आरएक्स १०० ला ठिणगीची वेळ ठरवणारे कॉन्टॅक्ट ब्रेकर पॉइंट आहेत. गॅप ०.३ ते ०.४ मिमी, फीलर गेजने. पॉइंट नेमका कधी उघडतो ते प्लगच्या भोकात डायल गेज घालून बघा. पिस्टन माथ्याला पोहोचायच्या साधारण दोन मिलिमीटर आधी तो उघडायला हवा, ते डोळ्यांनी ठरवू नका. ठिणगी लवकर पडली तर इंजिन टकटकतं आणि तापतं, आणि पुन्हा आपण सीलला शिव्या देत बसतो. रनिंग-इनला, म्हणजे नवं इंजिन रुळवायला, मी ५०० किलोमीटर धरतो. एकाच वेगाने लांब जायचं नाही, वर-खाली करत राहायचं, आणि उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून इंजिनावर गाडी सोडायची नाही. ॲक्सिलरेटर बंद म्हणजे ऑइलही अगदी कमी.

———

शांत_इंजिन
मंगळवार, सकाळी ९:२१

उतारावरचं सातारींनी लिहिलेलं सगळ्यांनी दोनदा वाचा. घाट चढताना इंजिन तापतं, आणि लगेच उतारावर ते अगदी कमी ऑइलवर फिरतं. मध्ये मध्ये क्लच दाबून जराशी ॲक्सिलरेटर द्या. कृष्णाकाठ, तुमचा गळतीचा क्रम मला पटला. बीपीचं यंत्र माझ्या सासऱ्यांकडे आहे, या रविवारी मागून आणतो.

———

मैत्रेयी
शनिवार, सायंकाळी ६:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. ऑइल सोडून दोन दिवस ठेवलं, मग मागचं चाक फिरवून इंजिन मोकळं केलं. आज भावाने इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर धरला, मी ठोके दिले. मॅग्नेट निघालं. हेड आणि ब्लॉक उघडले नाहीत, आधी परीक्षा घ्यायची ठरवली. आईच्या बीपीच्या यंत्राने २५० पर्यंत गेले. साडेतीन मिनिटांत १८०. मॅग्नेटकडे एकही फुगा नाही. भरायच्या भोकावरचा पडदा तसाच. पण मॅनिफोल्ड ब्लॉकला जिथे जोडला जातो तिथे खालच्या बाजूला बारीक फुगे येतात, आवळल्यावरही येतात. फोटो टाकलाय. बाबांनी तिथे लावलेलं लाल सीलंट अजून दिसतंय. म्हणजे त्यांना ही गळती माहीत होती का?

———

कृष्णाकाठ
शनिवार, सायंकाळी ७:०५

फोटो बघितला. हो, त्यांना माहीत असणार. लाल सीलंट बाहेरून फासलेलं दिसतंय, घाईत, कदाचित रस्त्यातच. त्यांनी तात्पुरतं केलेलं काम आता तुम्ही पुरं करायचं.

मॅनिफोल्ड काढा. जुनं पॅकिंग आणि ते सीलंट लाकडी काडीने पूर्ण काढा. जाड सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवा, थोडं ऑइल, आणि मॅनिफोल्डचं तोंड त्यावर आठच्या आकड्यासारखं हलक्या हाताने फिरवा. सगळीकडे सारखी चकाकी आली की सपाट झालं. मध्ये काळा डाग राहिला तर तिथे खोलगट आहे, अजून फिरवा. रीडच्या पट्ट्याही त्याच वेळी उजेडासमोर धरून बघा, टोकं तुटलेली किंवा बैठकीपासून उचललेली नाहीत ना. नवं पॅकिंग घाला, दोन्ही बोल्ट आलटून पालटून आवळा.

मग पुन्हा २५० भरा आणि काय येतं ते इथे लिहा. मी रात्री जागा आहे.